फेरतपासणीचा कौल

गेल्या पावसाळ्यातील एका दुपारी डिचोली तालुक्यातील एक शेतकरी आपल्या तरुण मुलास घेऊन आमच्या कार्यालयात आला. मुलगा अंगाने काटक, उंचपुरा आणि बोलण्यास संकोची होता. दोन वर्षे तो रोज पहाटे नदीकाठच्या बांधावरून धावत होता. सैन्यभरतीची लेखी परीक्षा तो उत्तीर्ण झाला, मेळाव्यातील धावण्याच्या कसोटीतही उतरला. मात्र वैद्यकीय तपासणीत त्याच्या हाती एक चिठ्ठी पडली. तीवर दोन इंग्रजी शब्द होते आणि त्यांचा अर्थ एवढाच की, गुडघे एकमेकांस लागतात, सबब अपात्र. बापलेकांनी ती चिठ्ठी घरी आणून देवघरातील तसबिरीमागे ठेवून दिली. महिन्याभराने शेजारचे एक निवृत्त हवालदार सहज म्हणून घरी आले. त्यांनी कागद पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, ‘‘अरे बाबू, मिलिटरी हॉस्पिटलात फेरतपासणीला गेला नव्हतास काय?’’ तशी तपासणी असते, हेच त्या घरात कोणास ठाऊक नव्हते. तोवर मुदत केव्हाच टळून गेली होती.

‘‘साहेब, पोराला नापास केले म्हटल्यावर आम्ही गप्प बसलो. डॉक्टरापुढे आपण काय बोलणार?’’ असे तो बाप आम्हांस म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती आणि नेमके तेच आम्हांस अधिक लागले. वर्तमानपत्रात काही छापून प्रकरण पुन्हा उघडता येईल, अशी त्याची भाबडी आशा होती. ते आमच्या हातचे नव्हते. आम्ही एवढेच केले की, त्या मुलास सरकारी रुग्णालयातील अस्थितज्ज्ञाकडे पाठविले. त्यांनी माप घेतले, ते मर्यादेच्या अगदी काठावर भरले. सैनिकी तज्ज्ञाने ते पाहून काय निर्णय दिला असता, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. कदाचित त्यानेही अपात्रच ठरविले असते. परंतु विचारण्याचा हक्क असताना तो न विचारता राहिला, याची रुखरुख त्या घरास जन्मभर राहील. आजचा आमचा विषय ती रुखरुखच आहे.

सैन्यभरतीचा मार्ग किती अरुंद आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. २०२२ सालच्या जून महिन्यात अग्निपथ योजना जाहीर झाली, तेव्हा साडेसतरा ते एकवीस अशी वयोमर्यादा ठरली. केवळ त्या पहिल्या वर्षापुरती वरची मर्यादा तेवीस करण्यात आली होती. सेवा चार वर्षांची, आणि त्यानंतर नियमित सेवेत घ्यावयाचे ते फार तर चौथा हिस्सा. २०२३ पासून भूदलाच्या भरतीत आधी संगणकावरील सामाईक परीक्षा, नंतर मेळाव्यात एक मैलाची, म्हणजे १.६ किलोमीटरची धाव, दंडाच्या बळावर अंग उचलण्याची कसोटी, नऊ फुटी खंदकावरून उडी आणि मग वैद्यकीय तपासणी, असा क्रम लागला. म्हणजे वैद्यकीय तपासणीपर्यंत जो मुलगा पोहोचतो, तो आधीच्या सगळ्या चाळणींतून उतरलेला असतो. त्याच्या वयाच्या मोजक्या वर्षांतील एक वर्ष त्या मेळाव्यात खर्ची पडलेले असते. अशा मुलाच्या बाबतीत शेवटच्या पायरीवर चूक झाली, तर तिची किंमत फार मोठी असते.

आता चूक होते म्हणजे कोणी दुष्टाव्याने करतो, असे आम्हांस मुळीच सुचवावयाचे नाही. भरतीच्या मेळाव्यात सैनिकी डॉक्टरांपुढे शेकडो तरुण रांगेने उभे असतात. रात्रभर एस. टी.त बसून, अपुऱ्या झोपेने, अर्धपोटी आलेला मुलगा तेथे येतो. सगळे आयुष्य या एका तासावर अवलंबून आहे, या भीतीने त्याची छाती धडधडत असते. अशा वेळी नाडी जलद चालणे आणि रक्तदाब चढणे यात नवल ते काय? केवळ डॉक्टरास पाहूनच काहींचा रक्तदाब वाढतो, हे वैद्यकशास्त्रास चांगले ठाऊक आहे. गुडघ्यांचे उदाहरण घ्या. पुरुष उमेदवार गुडघे जुळवून उभा राहिला असता दोन्ही घोट्यांमधील अंतर पाच सेंटीमीटरहून अधिक असू नये, असा मानदंड आहे. उभे राहण्याच्या ढबीत किंचित फरक पडला, तरी हे माप बदलते. कोपरापाशी हात बाहेरच्या बाजूस किती झुकतो, त्या कोनाचेही तसेच. सपाट तळव्यांविषयी तर नियमच समंजस आहे. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहिल्यावर तळव्याची कमान पुन्हा उमटत असेल, पाऊल लवचीक व वेदनारहित असेल आणि उमेदवार चवड्यांवर नीट धावू शकत असेल, तर तसा तळवा दोष मानला जात नाही. हे पाहण्यास सवड लागते, आणि गर्दीत सवड हीच दुर्मीळ वस्तू असते.

म्हणूनच पहिल्या तपासणीनंतर दुसऱ्या तपासणीची सोय सैन्याने स्वतःच करून ठेवली आहे. हे कोणी मेहेरबानीने दिलेले दान नाही. आपल्या निर्णयात चूक असू शकते, हे जी संस्था आधीच गृहीत धरते, ती शहाणी संस्था होय. आमच्या देवळांतील कौलाची रीत वाचकांस माहीत आहेच. देवाच्या अंगावर पाकळ्या लावून गुरव कौल मागतो. पाकळी मधेच अडकली, कौल स्पष्ट आला नाही, तर गाऱ्हाणे घालून पुन्हा लावतात. असे दुसऱ्यांदा विचारल्याने देवाचा अवमान झाला, असे आजवर कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. जे देवाच्या दारी चालते, ते डॉक्टराच्या दारी उद्धटपणाचे का वाटावे? ‘‘डॉक्टरापुढे आपण काय बोलणार’’ ही वृत्ती आदराची असेल, पण ती मुलाच्या कामाची नाही.

तेव्हा ही दुसरी तपासणी कशी मागावयाची, ते आम्ही येथे मुद्दाम तपशिलाने देतो. शिपाई, म्हणजे आजचा अग्निवीर होऊ इच्छिणाऱ्या उमेदवारास मेळाव्याच्या डॉक्टरांनी पात्र ठरविले नाही, तर त्यास नेमून दिलेल्या सैनिकी रुग्णालयात तज्ज्ञाकडे पाठविले जाते. अलीकडच्या जाहिरातींतून छापलेल्या नियमानुसार त्याने पाच दिवसांच्या आत तेथे हजर व्हावयाचे असते आणि पुढील चौदा दिवसांत ही तपासणी पुरी व्हावयाची असते. मुदतीत जो हजर होत नाही, त्याचा हक्क तेथेच संपतो. नौदलाच्या खलाशांची पद्धत थोडी निराळी आहे. त्यांची अंतिम तपासणी ओडिशातील चिल्का येथे होते, आणि तेथे अपात्र ठरल्यास नेमलेल्या रुग्णालयात अपिलासाठी जास्तीत जास्त एकवीस दिवसांची मुदत जाहिरातीत दिलेली असते. फी म्हणाल तर नाममात्र. नौदलाच्या काही जाहिरातींत ती ४० रुपये छापलेली आम्ही पाहिली आहे आणि ती सरकारी खजिन्यात किंवा स्टेट बँकेत भरावयाची असते.

अधिकारी होऊ इच्छिणाऱ्यांस मुदत अधिक आणि पायऱ्याही अधिक आहेत. निवड मंडळाने शिफारस केल्यानंतर उमेदवाराची तपासणी विशेष वैद्यकीय मंडळ करते. तेथे अपात्र ठरल्यास अपील वैद्यकीय मंडळापुढे जाता येते, आणि ते काम पहिल्या तपासणीपासून बेचाळीस दिवसांत पुरे व्हावे लागते. अपील मंडळानेही नकार दिला, तर पुनर्विलोकन मंडळाकडे जाण्याची विनंती करता येते, पण ती अपील मंडळाचे काम संपल्यापासून एका दिवसाच्या आत करावी लागते. ही तिसरी पायरी हक्काची नाही. प्रकरणात तथ्य दिसल्यास सैन्यदलांच्या वैद्यकीय सेवेचे महासंचालक ती मंजूर करतात आणि तिची तपासणी केवळ दिल्ली व पुणे या दोनच ठिकाणी होते. बेचाळीस दिवस ऐकावयास पुष्कळ वाटतात. परंतु नाकाच्या वाकड्या पडद्याची किंवा अंडवृद्धीची शस्त्रक्रिया करून घ्यावयाची, जखम भरू द्यावयाची आणि मग पुन्हा उभे राहावयाचे, तर त्यातील एकही दिवस वाया दवडून चालत नाही. २०२५ च्या मे महिन्यात खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. तेव्हा हा सगळा तपशील आता मुलींच्या पालकांनीही जाणून घ्यावयास हवा.

अपिलाने काय साधते आणि काय साधत नाही, हेही स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. दोष दोन प्रकारचे असतात. कानात साठलेला मळ, वाढलेले वजन, मूळव्याध, साध्या शस्त्रक्रियेने जाणारी व्यंगे हे दूर होण्याजोगे दोष होत. अधिकारीपदाच्या उमेदवारास अशा दोषांसाठी बहुधा तात्पुरते अपात्र ठरविले जाते, आणि उपचारानंतर त्यास पात्र ठरण्याची संधी असते. शिपाईभरतीत मात्र पाच दिवसांत कोणती शस्त्रक्रिया होणार? त्यामुळे त्या मुलांनी हे दोष मेळाव्यापूर्वीच तपासून घेतले पाहिजेत. कानातील मळापायी एखाद्याचे वर्ष जावे, याहून हळहळण्यासारखे काय असेल?

रंगांधळेपणाची गोष्ट वेगळी आहे. तो बहुधा जन्मतःच असतो, स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो आणि त्यावर औषध नाही. ठिपक्यांच्या चित्रांतून आकडा ओळखण्याची जी कसोटी सर्वत्र वापरतात, ती इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टराने १९१७ साली प्रसिद्ध केली. त्या पुस्तकातील आकडे पाठ करवून घेणारे महाभाग आज गावोगाव निघाले आहेत. त्यांच्या नादी लागणाऱ्या तरुणांस आम्ही एवढेच विचारू की, रात्रीच्या समुद्रात समोरून येणाऱ्या जहाजाच्या डाव्या कुशीस तांबडा आणि उजव्या कुशीस हिरवा दिवा असतो. तो ओळखता आला नाही, तर पाठ केलेले आकडे कोणास वाचविणार? आमच्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही तांडेलास याचे उत्तर ठाऊक आहे. जेथे नकारामागे इतके उघड कारण आहे, तेथे तो नकार मान्य करून दुसरी वाट धरणे यातच शहाणपण आहे.

सैन्याची दक्षता केवळ हटवादी आहे, असा समजही कोणी करून घेऊ नये. नियमित सेवेतील शिपायाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात जो निर्णय दिला, तो येथे लक्षात घेण्याजोगा आहे. भरतीच्या वेळी कागदावर कोणत्याही विकाराची नोंद नसेल, तर शिपाई निकोप प्रकृतीचा होता असे मानले पाहिजे, आणि पुढे विकार जडला तर तो सेवेमुळे नव्हे हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहील, असे त्या निर्णयाचे सार आहे. शिपायाच्या दृष्टीने हा निर्णय न्याय्यच होता. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा की, प्रवेशाच्या वेळची तपासणी सरकारला पुढची अनेक वर्षे बांधून टाकते. लेहच्या थंडीत किंवा राजस्थानच्या वाळूत ज्यास ओझे घेऊन चालावयाचे आहे, त्याचा दुबळा गुडघा त्याच्या एकट्याचाच घात करीत नाही, त्याच्या शेजारच्या सोबत्यालाही धोक्यात घालतो. तेव्हा डॉक्टराने कडक असावे, हे आम्हांस मान्य आहे. आमचे मागणे एवढेच की, त्याच्या कडकपणाबरोबर उमेदवारास पुढचा मार्गही तितक्याच स्पष्टपणे कळावा.

हा मार्ग कळत नाही, तेथेच दलालाचे फावते. आपला अमुक साहेबांशी परिचय आहे, फेरतपासणीत काम करून देतो, असे सांगून हजारो रुपये उकळणारे लोक अशा घरांचा माग काढीतच असतात. त्यांची लबाडी मोठी मजेशीर आहे. शंभर मुलांकडून पैसे घ्यावयाचे, त्यांतील काही आपल्या गुणांवर उत्तीर्ण होतातच, त्यांचे श्रेय आपण घ्यावयाचे आणि उरलेल्यांस ‘‘यंदा साहेब बदलले’’ असे सांगावयाचे. ज्या कामाची सरकारी फी चार-दोन नोटांची, त्यासाठी गाय विकू नका, दागिने गहाण टाकू नका, असे आमचे प्रत्येक पालकास कळकळीचे सांगणे आहे. फेरतपासणीस जाताना बरोबर न्यावयाचे ते नकाराचे लेखी कारण, चांगल्या तज्ज्ञाचा ताजा अभिप्राय आणि असतील ते तपासणीचे कागद. बाहेरच्या डॉक्टरांचा दाखला सैनिकी मंडळास बांधील नसतो, ते स्वतः पाहूनच ठरवते. तरीही आपला दावा पोकळ नाही, हे आपल्याला स्वतःला कळण्यासाठी तो अभिप्राय उपयोगी पडतो. जुना आजार वा शस्त्रक्रिया मात्र लपवू नये. ती पुढे उघडकीस आली, तर हाती आलेली नोकरीही जाण्याचा धोका असतो.

काहीजण थेट न्यायालयाची पायरी चढण्याची भाषा करतात. घटनेच्या २२६ व्या कलमान्वये उच्च न्यायालयाकडे दाद मागता येते, हे खरे. आमच्यासाठी ते पर्वरीस आहे. परंतु न्यायमूर्ती डॉक्टर होऊन बसत नाहीत. तज्ज्ञांचे मत ते सहसा बाजूस सारीत नाहीत. तपासणी तज्ज्ञाने केलीच नाही, दोन मंडळांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध आले, कारण दिलेच नाही, असा कार्यपद्धतीतील दोष दिसला, तरच ते पुन्हा तपासणी करावयास सांगतात. आणि जो मुदतीत फेरतपासणीसच गेला नाही, त्याची बाजू तेथे लंगडीच पडते. म्हणजे फिरून प्रश्न त्या पहिल्या पाच दिवसांवर येतो.

या पाच दिवसांचे ज्ञान काही गावांत वारशानेच मिळते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावास लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. तेथील मुलाच्या हाती नकाराची चिठ्ठी पडली, तर संध्याकाळच्या आत पारावरचा कोणी सुभेदार त्यास रस्ता सांगतो. चंदगड, गडहिंग्लज, खानापूर या भागांतही मराठा पलटणीतले पेन्शनर जागोजाग भेटतात. गोमंतकाची स्थिती तशी नाही. १९६१ पर्यंत हा प्रदेश परकीय अमलाखाली होता आणि सैनिकी सेवेची परंपरा येथे घराघरांत रुजण्यास अवसरच मिळाला नाही. आमच्या राज्याची भूदलाची भरती कोल्हापूरच्या कार्यालयाकडे जाते, म्हणजे मुलास घाट ओलांडून परक्या गावी उभे राहावे लागते. दाबोळीस नौदलाची विमाने रोज डोक्यावरून जातात, वेरेच्या ‘मांडवी’ तळावर २००९ पूर्वी अनेक वर्षे नौदलाचे अधिकारी घडत होते, पण त्या कुंपणाच्या आत शिरावयाचे कसे, हे सत्तरीतल्या मुलास सांगणारे कोणी नाही. ज्ञानाच्या या विषमतेपुढे गुणांची समता लुळी पडते, हे शासनाने ओळखले पाहिजे.

यावर उपाय काही खर्चाचे नाहीत. नकाराच्या चिठ्ठीवर दोषाचे नाव उमेदवाराच्या भाषेत असावे. त्याच्याखाली फेरतपासणीचे रुग्णालय आणि हजर होण्याची अखेरची तारीख ठळक लिहिलेली असावी. हे काम भरती कार्यालयास एका रबरी शिक्क्याने करता येईल. आमच्या राज्य शासनाने भरतीच्या हंगामापूर्वी बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि म्हापसा व मडगाव येथील जिल्हा रुग्णालयांत इच्छुकांची प्राथमिक तपासणी विनामूल्य करावी. डोळे, कान, नाक, गुडघे, तळवे आणि रक्तदाब एवढे पाहिले, तरी निम्मे दुःख आधीच टळेल. राज्य सैनिक मंडळाने प्रत्येक तालुक्यातील एखाद्या निवृत्त सैनिकाचे नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे, म्हणजे चिठ्ठी घेऊन धावत जावे असे एक तरी दार त्या मुलास माहीत राहील. उच्च माध्यमिक विद्यालयांच्या मुख्याध्यापकांनी वर्षातून एक तास यासाठी दिला, तर अभ्यासक्रमाचे फारसे नुकसान होईल असे आम्हांस वाटत नाही.

शेवटी दोन शब्द पालकांसाठी. फेरतपासणीतही नकार आला, तर तो मुलाच्या कर्तृत्वावरचा शेरा समजू नका. एका विशिष्ट कामासाठी शरीराचे एक विशिष्ट माप जुळले नाही, एवढाच त्याचा अर्थ. पहाटे उठण्याची सवय, शिस्त आणि कमावलेले शरीर यांपैकी काहीही ती चिठ्ठी हिरावून नेत नाही. गावात त्याची ‘नापास’ म्हणून हेटाळणी होणार नाही, एवढे घरच्यांनी पाहावे.

आमच्याकडे आलेल्या त्या मुलाचे वय अजून उलटलेले नाही. शेजारच्या हवालदारांनी त्यास हाताशी धरले आहे, आणि तो पुन्हा त्याच बांधावरून धावू लागला आहे. पुढच्या मेळाव्यात त्याचा कौल काय लागेल, हे आम्ही सांगू शकत नाही. मात्र या खेपेस नकाराची चिठ्ठी हाती आली, तर ती तसबिरीमागे जाणार नाही, असे त्याच्या वडिलांनी आम्हांस निघताना सांगितले. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा कागद पडून असेल, त्यांनी तो आजच काढून त्यावरची तारीख पाहावी, ही आमची विनंती आहे.